फलकलेखनाचा रकाना

डी.एड. केलेल्या कुणालाही पाठ टाचणाचा तो आखलेला कागद आठवत असेल. मुद्दा, उद्दिष्ट, अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, मूल्यमापन असे रकाने भरत उजव्या कडेला यावं, तर तिथे जेमतेम दोन बोटं जागा उरलेली आणि वर शब्द लिहिलेला : फलकलेखन. बहुतेक जण हा रकाना शेवटी, टाचण तपासायला द्यायच्या घाईत भरतात. खरं तर त्या कागदावरचा सगळ्यांत अवघड प्रश्न तिथेच असतो. ३५ मिनिटांच्या तासिकेत शिक्षक तोंडानं पुष्कळ बोलणार. त्यातलं फळ्यावर काय राहणार, कुठे राहणार आणि घंटा होईपर्यंत काय पुसायचं नाही, हे त्या दोन बोटांत ठरवायचं असतं.

नागपूर जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आता टच पॅनल, म्हणजे बोटानं लिहिता येणारे मोठे पडदे, आले आहेत. कुठे सरकारी योजनेतून, कुठे लोकवर्गणीतून, कुठे एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून. त्यांच्या मागोमाग प्रशिक्षणं आली, आणि बहुतेक प्रशिक्षणं सुरू होतात ती मेनूपासून : हे पेन, हा खोडरबर, हे रंग, हे वर्तुळाचं बटण. फलकलेखनाचा रकाना तिथे कुणी काढतच नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोलताना सगळे त्याला ‘स्मार्ट बोर्ड’ म्हणतात. हे मुळात एका कंपनीच्या मालाचं नाव. १९९१ साली कॅनडातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीजनं तो बाजारात आणला, आणि वनस्पती तुपाला सरसकट ‘डालडा’ म्हणायची सवय लागावी तसं झालं. त्याच्या चारच वर्षं आधी, १९८७ मध्ये, आपल्याकडे खडू-फळा योजना सुरू झाली होती. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि धड फळा मिळावा, एवढीच तिची मागणी. त्या योजनेच्या काळातला फळा आणि ७५ इंची पॅनल आज एकाच भिंतीवर शेजारी शेजारी दिसतात.

शिक्षकांना पहिल्यांदा सांगायला हवं ते हे, की समोरची वस्तू कोणत्या जातीची आहे. जुने बोर्ड प्रोजेक्टरवर चालतात. त्यातल्या काहींचा पृष्ठभाग दाब ओळखतो. त्यांवर बोटानंही लिहिता येतं, पण लिहिताना तळहात टेकला की रेघ भलतीकडे उडी मारते. काही बोर्ड फक्त स्वतःच्या खास पेनलाच ओळखतात. ते पेन हरवलं की बोर्ड म्हणजे पांढरी भिंत. हल्लीचे पॅनल मात्र बहुतेक इन्फ्रारेड जातीचे आहेत. काचेभोवतीच्या चौकटीत दोन बाजूंना बारीक दिवे आणि समोरच्या दोन बाजूंना ते पाहणारे डोळे बसवलेले असतात. काचेच्या अगदी वर, दोन-तीन मिलिमीटरवर, न दिसणाऱ्या किरणांची जाळी पसरलेली असते. बोटानं आडवा आणि उभा किरण तुटला की ती जागा पॅनलला कळते.

एवढं एक चित्र डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारींची उत्तरं शिक्षकाला आपोआप सापडतात. बोट काचेला टेकायच्या आधीच किरण तुटतो. म्हणून साडीचा पदर, ओढणीचं टोक, सैल बाही किंवा मनगटावर घसरलेल्या बांगड्या पॅनलला ‘बोट’ वाटतात, आणि अक्षराच्या खाली दुसरीच एक रेघ उमटत जाते. मॅडम म्हणतात, पॅनल बिघडला. पॅनल बरोबर असतो. पदर खोचला आणि बांगड्या जरा वर सारल्या की रेघ थांबते. मोठा स्पर्श झाला की पुष्कळ पॅनल त्याला खोडरबर समजतात, त्यामुळे लिहिता लिहिता पंजा टेकवणाऱ्या सरांचं आधीचं वाक्य पुसलं जातं. चौकटीच्या खालच्या खाचेत खडूची भुकटी साचली, कोळ्यानं जाळं केलं, एखादा चिलटासारखा किडा बसला, तर तिथला किरण कायमचाच तुटलेला राहतो आणि कुणी हात न लावता कोपऱ्यात क्लिक होत राहतं. उपाय कोरड्या मऊ फडक्याचा किंवा रंगाच्या नव्या ब्रशचा आहे. चौकट आठवड्यातून एकदा, चारही बाजूंनी, पॅनल बंद करून पुसायची. फडक्यावर पाणी चालेल, तेही पिळून. काचेवर थेट फवारा मारायचा नाही, कारण पाणी ओघळून खालच्या चौकटीतच जातं.

नागपुरात यात आणखी एक भर पडते. उन्हाळा लागला की सकाळची शाळा सुरू होते. पूर्वेच्या खिडकीतून सात-आठच्या सुमाराला तिरपं ऊन आत येतं आणि नेमकं पॅनलच्या चौकटीवर पडलं तर किरण पाहणारे डोळे दिपून जातात. मग तक्रार येते : “सर, टच घेऊनच नाही राहिला.” दुपारी तंत्रज्ञ येतो, तेव्हा ऊन सरकलेलं असतं आणि सगळं ठणठणीत चालतं. तो निघून जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. अशा वेळी बिघाड कधी होतो त्याची वेळ लिहून ठेवणं हीच खरी दुरुस्ती. तीन दिवसांच्या वेळा सारख्या निघाल्या की खिडकीला जाडसर पडदा लावायचा, बस.

कूलरचंही तसंच. वर्गात कूलर असेल तर त्याच्या ओल्या हवेचा झोत पॅनलवर येऊ देऊ नये. ओल आणि धूळ मिळून चौकटीत चिखल होतो आणि तो सुकला की ब्रशनं निघत नाही. कूलर आणि पॅनल एकाच एक्सटेन्शन बोर्डवर लावायचे तर मुळीच नाहीत. बहुतेक पॅनल आणि प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. ज्या शहरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलं, तिथे पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात एप्रिलमध्येच ती मर्यादा ओलांडली जाते. प्रोजेक्टर तर गरम झाला की स्वतःच बंद पडतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा खडूच्या भुकटीनं चोंदलेली जाळी असतं. महिन्यातून एकदा ती काढून झटकायची, ही गोष्ट एकाही कार्यशाळेच्या वेळापत्रकात सापडत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. पॅनलच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, ते वाचायचे. लाईन गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटपर्यंतच झेपवतो. संगणकासाठी आणलेल्या त्या डब्यावर मोठा पॅनल, त्यातला संगणक आणि स्पीकर असं सगळं टाकलं की लाईन गेल्याबरोबर तोही मान टाकतो. झेपला तरी मिळतात ती चार-पाच मिनिटं, आणि ती फाइल जतन करून पॅनल नीट बंद करण्यासाठी असतात, धडा पुढे चालवण्यासाठी नव्हे. अर्थिंग मात्र वायरमनकडून मोजूनच घ्यावं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसत असेल तर चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या येणं आणि पॅनलवर भुतासारखे क्लिक होणं, या दोन्हींचं मूळ तिथेच असू शकतं. तिसरी पिन मोडलेला प्लग चालवून घ्यायचा नाही. मुलं रोज हात लावणार आहेत त्या वस्तूला.

बाकीचे बिघाड वायरींचे. लॅपटॉपचं चित्र पॅनलवर दिसतं पण टच होत नाही, याचा अर्थ एचडीएमआय लावलेली आहे आणि टचची यूएसबी वायर लावायची राहिली आहे. चित्र एका वायरीनं जातं, बोट दुसऱ्या वायरीनं परत येतं, हे एकदा समजलं की ही तक्रार पुन्हा येत नाही. यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. मागच्या टेबलापासून दहा मीटरची साधी वायर ओढून टच अधूनमधून गायब होत असेल तर दोष पॅनलचा नाही. बोट पॅनलवर ठेवलं आणि बाण लॅपटॉपच्या पडद्यावर हलला, तर लॅपटॉप पॅनलला आपला वाढीव पडदा समजतो आहे. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायचं. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर आवाजाच्या चिन्हावर जाऊन पॅनलचं नाव निवडायचं. जुन्या प्रोजेक्टर-बोर्डावर रेघ बोटापासून चार बोटं लांब उमटत असेल तर कुणाचा तरी धक्का प्रोजेक्टरला लागलेला असतो. कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि रेघ यांची जुळणी, पुन्हा करायचं, नऊ ठिपक्यांच्या बरोबर मधोमध टोक टेकवत, आणि ते चालू असताना बोर्डला टेकून उभं राहायचं नाही. पडदा निळा किंवा काळा दिसला तर आधी सोर्स पाहायचा, म्हणजे चित्र कुठून घ्यायचं ठरवलं आहे ते. पुष्कळ पॅनलमध्ये दोन संगणक असतात : एक पॅनलचा स्वतःचा अँड्रॉइड, दुसरा बाजूच्या खाचेत सरकवलेला ओपीएस, ज्यात विंडोज चालतं. काल एकात जतन केलेली फाइल आज दुसऱ्यात शोधणारे शिक्षक जिल्हाभर सापडतील.

आता उभं राहण्याविषयी. फळ्यापाशी कसं उभं राहावं हे अध्यापक विद्यालयात शिकवतात, आणि पॅनल आला की सगळे ते विसरतात. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं पॅनलकडे तोंड केलं असता डाव्या कडेला, अंग थोडं वर्गाकडे वळवून उभं राहावं आणि हात लांबवून लिहावं. मनगट फिरवून लिहिलं तर अक्षर लहान आणि वेडंवाकडं येतं; कोपरापासून हात हलला पाहिजे. पॅनल अक्षर उमटवायला निमिषभर मागे राहतो, म्हणून खडूपेक्षा वेग जरा कमी ठेवायचा. वेलांटी आधी काढून मग अक्षर लिहिणाऱ्यांची फजिती इथेच होते, कारण वेलांटी उमटेपर्यंत हात पुढे गेलेला असतो.

उंचीचा हिशेब तर बसवण्याआधी करायला हवा. ७५ इंची पॅनलचा दिसणारा भाग सुमारे १६६ सेंटिमीटर रुंद आणि ९३ सेंटिमीटर उंच असतो. खालची कड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर ठेवली तर वरची कड १६८ वर जाते. पहिलीतल्या मुलाचा हात वरच्या कडेपर्यंत पोचणार नाही, पण खालच्या अर्ध्यात ते सुखानं लिहील. बसवणारे मात्र पुष्कळदा मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला मध्य धरतात, आणि मग खालची कडच मुलाच्या डोक्याच्या उंचीला येते. त्यावर उपाय म्हणून पॅनलखाली बाक सरकवलेला दिसतो. बाकावरून एखादं मूल पडल्यावर तो बाक काढला जाईल आणि पॅनल पुन्हा फक्त गुरुजींचा होईल.

देवनागरीचं दुखणं वेगळंच आहे, आणि या विषयावर बाहेरून भाषांतर होऊन आलेल्या पुस्तिकांत त्याचा उल्लेखही नसतो. लांबून वाचायच्या अक्षरासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : शेवटच्या बाकाचं अंतर भागिले दोनशे. आठ मीटरवरच्या मुलासाठी अक्षराची उंची चार सेंटिमीटर. पण आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. ओळींमध्ये दहा सेंटिमीटर अंतर लागतंच. म्हणजे ९३ सेंटिमीटरच्या उंचीत फार तर नऊ ओळी, आणि मथळा धरला तर सातच. टाइप केलेला मजकूर असेल तर ३६ पॉइंटच्या खाली उतरू नये. पाठ्यपुस्तकाचं पान जसंच्या तसं पडद्यावर टाकून “वाचा” म्हणणं ही मागच्या तीन रांगांची थट्टा आहे. पान टाकायचंच तर त्यातला एक परिच्छेद मोठा करून टाकावा. पेनची जाडीही वाढवून ठेवायची. बारीक रेघेत शिरोरेघ मागून दिसत नाही आणि ‘भ’ आणि ‘म’ एकच होतात. पांढऱ्या पृष्ठभागापेक्षा गडद हिरव्या किंवा काळ्या पृष्ठभागावर पांढरी-पिवळी शाई डोळ्यांना बरी. ओपनबोर्डसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीतही ती सोय आहे.

फॉन्टचा घोळ प्रत्येक कार्यशाळेत अर्धा तास खातो. शिक्षकांकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका श्री-लिपी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टांत साठवलेल्या असतात. पॅनलवर तो फॉन्ट नसला की कृतिदेवमध्ये लिहिलेल्या ‘नागपूर’च्या जागी यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवत. फॉन्ट गेला की आतली अक्षरं उघडी पडतात. एकदाच बसून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच राहणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा. ते जमत नसेल आणि फक्त दाखवायचंच असेल तर पीडीएफ करून आणावी. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ प्रमाण ठरवला. संगणकातले पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ दाखवतात. नुकतंच अक्षर गिरवायला लागलेल्या मुलाला पुस्तकात एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसराच ‘ल’ दिसला तर ते विचारणारच, यातला खरा कोणता?

इथून पुन्हा त्या रकान्याकडे येऊ. आठ बाय चार फुटांचा काळा फळा सगळा एकदम दिसतो. तासाच्या सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात लिहिलेला शब्द शेवटच्या मिनिटाला तिथेच असतो. मागे पडलेलं मूल मान वळवून त्याच्याकडे पाहू शकतं. पॅनलला पानं असतात आणि एका वेळी एकच दिसतं. शिक्षकाच्या डोक्यात आधीची चार पानं शाबूत असतात, कारण ती त्यानंच केलेली असतात. मुलांच्या लेखी ती गेली. पानं भराभर उलटली जातात, वर्ग रंगतो, आणि वहीत मात्र अर्धवट वाक्यं उरतात. ब्रिटनमध्ये २००० नंतर सरकारी पैशातून शाळांत असे बोर्ड मोठ्या प्रमाणावर बसले. तिथल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं : धड्याचा वेग वाढला आणि गटात बसून काम करायचा वेळ घटला.

म्हणून टाचणातल्या फलकलेखनाच्या रकान्यात एक उभी रेघ मारावी, असं मी सुचवीन. डावीकडे ‘राहील ते’, उजवीकडे ‘जाईल ते’. राहील ते खडूनं, शेजारच्या फळ्यावर : शीर्षक, पाच-सहा नवे शब्द, एक सूत्र किंवा एक आकृती. जाईल ते पॅनलवर : नकाशा, चित्र, हलणारी गोष्ट, मुलांनी येऊन करायची कृती. त्यासाठी फळा शेजारी शिल्लक तर हवा! पुष्कळ ठिकाणी पॅनल फळ्याच्या बरोबर मधोमध ठोकलेला असतो आणि दोन्ही बाजूंना उरलेल्या हातभर पट्ट्या कशाच्याच उपयोगाच्या राहत नाहीत. दोघांत दीड-दोन मीटरचं अंतर, भुकटी न उडणारा खडू आणि ओलसर डस्टर, एवढं केलं तर दोन्ही एकत्र नांदतात. भिंत लहान असेल तर पॅनलवरच डावीकडची एक पट्टी राखून ठेवावी आणि ‘राहील ते’ प्रत्येक पानावर तसंच उतरवावं. पानाची प्रत काढून पुढे जायची सवय लागली की हे आपोआप होतं.

उदाहरण म्हणून आपल्याच नाग नदीचा पाठ घ्या. जिल्ह्याचा नकाशा पानावर आणायचा आणि तो पार्श्वभूमी म्हणून पक्का करायचा. हे विसरलं तर पहिलंच मूल नदी गिरवायला जातं आणि सगळा जिल्हा बोटाबरोबर सरकत पडद्याबाहेर निघून जातो. वर्ग खो खो हसतो, धडा संपतो. नकाशावरची नावं पुसून टाकायची. अंबाझरी, नाग, कन्हान, पेंच, कामठी ही नावं सुट्या पाट्यांसारखी खालच्या कडेला ठेवायची, मुलाचा हात पोचेल अशी. ‘राहील ते’ शेजारच्या फळ्यावर आधीच लिहिलेलं : नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, एकाखाली एक, मध्ये बाण. म्हणजे आपल्या घरामागचा नाला शेवटी गोदावरीला मिळतो, हे वाक्य घंटा होईपर्यंत मुलांसमोर उभं राहतं.

आता सगळ्यांत मोठी अडचण. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पॅनलवर ४० सेकंद दिले तर जवळपास २७ मिनिटं जातात, आणि त्या वेळात उरलेली ३९ मुलं नुसती पाहत बसतात. म्हणून नियम असा : आधी सगळ्यांनी पाटीवर किंवा वहीत उत्तर लिहायचं, पाट्या वर करायच्या, मग ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पॅनलपाशी बोलवायचं. बरोबर उत्तर असलेल्या हुशार मुलाला बोलावून टाळ्या घेण्यात वर्गाला काही मिळत नाही. पेंचची पाटी कामठीच्या खाली ठेवणाऱ्या मुलानं ती का ठेवली, हे ऐकण्यात खरा पाठ आहे. तासिकेत चार-पाच मुलं पॅनलपाशी आली तरी पुरे. गणितात जिओजेब्रा हे आकृत्या-आलेखांचं सॉफ्टवेअर, विज्ञानात ‘फेट’ची मराठीतली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, हाच नियम पाळून वापरावीत : आधी अंदाज पाटीवर, मग बटण.

पडदा हळूहळू उघडणं, अंधारात प्रकाशाचा गोल फिरवणं वगैरे साधनांचं अप्रूप दोन दिवसांत ओसरतं. त्यावर अर्धा तास घालवणारा तज्ज्ञ मार्गदर्शक मला तरी वेळकाढू वाटतो.

प्रशिक्षणाची आखणी करताना आधी भागाकार करावा. दोन तास, एक पॅनल, २४ शिक्षक. वाट्याला येतात माणशी पाच मिनिटं, तीसुद्धा मार्गदर्शक एक शब्द न बोलता बाजूला बसला तर. प्रत्यक्षात दीड तास त्याचंच प्रात्यक्षिक चालतं : पृथ्वी फिरते, हृदय धडधडतं, सगळे मोबाइलवर व्हिडिओ काढतात, चहा होतो, उपस्थिती पटावर सह्या होतात. एका पॅनलमागे सहा शिक्षक, दोन तास. म्हणजे माणशी वीस मिनिटं. याहून जास्त माणसं घेतली तर ती सभा होते. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, ज्या शाळेत पॅनल आहे तिथेच, शाळा सुटल्यावर हे करावं. केंद्रप्रमुखांनी महिन्याच्या शिक्षण परिषदेला जोडून तारखा धरल्या तर वेगळी परवानगी मागत बसावं लागत नाही.

पहिल्या बैठकीत सातच कृती : चालू करणं, सोर्स निवडणं, लिहिणं, खोडणं, नवं पान, जतन, बंद. प्रत्येकानं सातही एकट्यानं, कुणी न सांगता करायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या गुरुजींचा हात थरथरला आणि मागून तरुण सर “थांबा, मी करून देतो” म्हणत पुढे आले, तर त्यांना बसवावं. मदतीच्या नावाखाली हिरावून घेतलेली ती वीस मिनिटं गुरुजींना पुन्हा मिळत नाहीत. शिवाय फळ्यावरचं अक्षर बहुतेक वेळा गुरुजींचंच चांगलं असतं, आणि पॅनलवर ते लगेच दिसतं. यंत्राची भीती मोडायला तेवढं पुरतं.

मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. दुसऱ्या बैठकीला येताना प्रत्येकानं स्वतःच्या पुढच्या आठवड्यातल्या एका पाठाचं टाचण आणायचं, रेघ मारलेल्या रकान्यासह, आणि तिथे बसून तीनच पानं तयार करायची. तीन, दहा नाही. तिसरी बैठक मुलांसमोर : बारा मिनिटांचा पाठ, बाकीचे पाच जण शेवटच्या बाकावर. त्यांनी पॅनलकडे पाहायचंच नाही. मुलांच्या वह्यांकडे पाहायचं आणि वहीत काय उतरलं तेवढंच सांगायचं. चौथी बैठक महिन्यानंतर. तेव्हा प्रमाणपत्रं वाटण्याऐवजी पेन ड्राइव्ह उघडावेत आणि जतन केलेल्या फाइलींच्या तारखा पाहाव्यात. चार आठवड्यांत एकही नवी फाइल नसेल तर विचारावं, कुठे अडलं? उत्तर बहुतेक वेळा अध्यापनशास्त्रातलं नसतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, किंवा खोली निवडणुकीच्या सामानानं भरलेली असते.

किंवा उत्तर असं येतं : पासवर्ड फक्त त्या सरांना माहीत होता आणि त्यांची बदली झाली. प्रत्येक शाळेत एक ‘तंत्रस्नेही’ शिक्षक असतो आणि हा शब्द जरा धोक्याचाच आहे, कारण त्यामुळे बाकीच्यांना तंत्राशी वैर ठेवायची मुभा मिळते. तो शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला की पॅनलवर चादर पडते. त्यामुळे पिन, वाय-फायचा पासवर्ड, वॉरंटीची तारीख, दुरुस्तीचा क्रमांक आणि त्या सात कृती एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवाव्यात. पॅनलवर शाळेचं खातं उघडावं, कुणाचंही घरचं नाही. नाहीतर ऐन तासाला घरगुती व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप पाऊण मीटर रुंदीत झळकतो. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवावा. वर्गासमोर शोधायला गेलं की आधी जाहिरात लागते, आणि ती कशाची असेल ते आपल्या हातात नसतं.

उन्हाळ्याच्या सुटीआधीचं काम राहिलं. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे पॅनल जवळजवळ दोन महिने बंद खोलीत तापत राहणार. फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. पॅनल आधी त्याच्या मेनूतून बंद करावा, मग भिंतीवरचं बटण, मग प्लग ओढून बाहेर. इंटरनेटची वायरही काढावी, वळवाच्या विजा तिच्यातूनही आत येतात. रिमोटचे सेल काढून ठेवावेत, उन्हाळ्यात ते फुटतात. वर प्लॅस्टिक घालू नये, आत ओल धरते. जुनी सुती चादर बरी. मागच्या जाळीत पाल किंवा उंदीर शिरणार नाही एवढं पाहावं.

शाळा उघडल्यावर आधी चौकट पुसायची, मग प्लग लावायचा. पॅनल सुरू होतो, वाय-फाय जोडलेलं दिसतं, आणि तरी एकही संकेतस्थळ उघडत नाही. ‘जोडणी सुरक्षित नाही’ एवढंच म्हणत राहतो. नेटवाल्याला फोन करायच्या आधी कोपऱ्यातलं घड्याळ पाहावं. दोन महिने वीज न मिळाल्यानं काही पॅनल आपली तारीख विसरतात आणि कुठल्या तरी जुन्याच सालातला १ जानेवारी दाखवतात. तारीख चुकली की सुरक्षिततेची सगळी प्रमाणपत्रं त्यांना खोटी वाटतात. सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख-वेळ लावायची. आजची तारीख शेजारच्या फळ्यावर, सुविचाराच्या वर, कुणीतरी सकाळीच खडूनं लिहिलेली असते. ती पाहून लावावी.